सांडपाणी, सही आणि रिकामा रकाना

घरी कोणी विचारलं, "तू नक्की काय काम करतोस रे?", की मी आता सरळ सांगतो - अमेरिकेतल्या सांडपाण्याचे रिपोर्ट गोळा करणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. आजीला हे फार विनोदी वाटतं. "त्यांचं सांडपाणी मोजायला पुण्यातला इंजिनियर लागतो होय?" अगं आजी, पाणी तेच मोजतात, आम्ही फक्त आकडे इकडून तिकडे नेतो. आणि तेवढ्यातही आम्ही एकदा माती खाल्ली. त्या प्रकरणामुळेच मी या विषयाचा इतिहास वाचायला लागलो. नाहीतर कॉलेजात पर्यावरणाचा पेपर आदल्या रात्री झेरॉक्स नोट्स वाचून काढलेला माणूस मी!

तर झालं असं. २०२२ च्या पावसाळ्यात एका शुक्रवारी रात्री साडेनऊला कॉल लागला. क्लायंट म्हणजे तिकडच्या एका राज्याचं पर्यावरण खातं (नाव सांगत नाही, समजून घ्या). लाइनवर क्लायंटच्या नेहमीच्या मॅडम होत्या आणि त्यांच्याबरोबर एक अनोळखी, जरा वयस्कर आवाज. एका छोट्या गावाचा प्लांट ऑपरेटर. छोटं म्हणजे इतकं छोटं, की सांडपाण्याचा प्लांट, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढणं ही तिन्ही कामं हा एकच माणूस करतो. त्याचं म्हणणं एवढंच होतं की केंद्र सरकारच्या वेबसाइटवर त्याच्या गावापुढे 'गंभीर उल्लंघन' असा शेरा दिसतोय, तोही सलग काही तिमाह्या. स्थानिक साप्ताहिकाने ती बातमी छापली आणि चर्चमध्ये लोक त्याला विचारायला लागले.

आता या गावाचा प्लांट म्हणजे मोठाली तळी. सांडपाणी त्यात महिनोन्‌महिने साठतं, जंतू आपलं काम करतात, आणि वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, तपासणी करून ते पाणी ओढ्यात सोडतात. बाकीचे महिने ओढ्यात थेंबसुद्धा जात नाही. त्या महिन्यांत हा माणूस इमानदारीत लॉगिन करायचा, 'नो डिस्चार्ज'वर टिक करायचा, सही करायचा, सबमिट करायचा. थोडक्यात, गावाने काहीही सोडलं नव्हतं, आणि नेमक्या त्याच महिन्यांसाठी ते गुन्हेगार ठरलं होतं.

हे कसं झालं ते सांगतो, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे १८९९ पर्यंत :)

त्या वर्षी अमेरिकेत नद्या आणि बंदरांबद्दलचा एक कायदा झाला. उद्देश पर्यावरण वगैरे अजिबात नव्हता, जहाजांना वाट मोकळी राहावी एवढाच होता. त्यातल्या तेराव्या कलमात म्हटलं होतं की लष्करी खात्याच्या परवानगीशिवाय नौकानयनाच्या पाण्यात कचरा टाकायचा नाही. अपवाद कशाचा? तर रस्त्यांवरून आणि गटारांतून वाहत येणाऱ्या पातळ घाणीचा! म्हणजे शहरं मोकळी सुटली. आणखी एक गंमत - जो खबर देईल त्याला दंडातला अर्धा वाटा मिळण्याची सोय त्या कायद्यात होती. ही खबऱ्याची कल्पना लक्षात ठेवा, ती पुढे वेगळ्या रूपात परत येणार आहे. हा कायदा सत्तरेक वर्षं जवळपास झोपून होता.

मग २२ जून १९६९. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात कायाहोगा नदीला आग लागली. हो, नदीला. पाण्यावर तेलाचा थर, त्यात अडकलेली लाकडं आणि कचरा, वरून जाणाऱ्या रेल्वेची ठिणगी. आग अर्ध्या तासाच्या आत विझली, नुकसान साधारण ५० हजार डॉलर. शहराला याचं फारसं काही वाटलं नाही, कारण ही नदी आधीही बरेचदा पेटली होती. पण 'टाइम' साप्ताहिकाने ऑगस्टमध्ये त्यावर लिहिलं आणि सोबत पेटलेल्या नदीचा फोटो छापला. तो फोटो १९६९ चा नव्हताच, १९५२ च्या आगीचा होता. ६९ च्या आगीचा फोटो कोणी काढायच्या आतच ती विझली होती. एका चुकीच्या फोटोने देशाचं मन वळवलं असं म्हणणं जरा जास्त होईल, पण हातभार नक्की लागला.

पुढच्या गोष्टी पटापट झाल्या. डिसेंबर १९७० मध्ये ईपीए ही केंद्रीय पर्यावरण संस्था सुरू झाली. त्याच महिन्यात निक्सनसाहेबांनी १८९९ च्या त्या झोपलेल्या कायद्याला उठवून त्याच्याखाली परवाने देण्याचा आदेश काढला. आणि १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन संसदेने नवाकोरा पाण्याचा कायदा मंजूर केला, ज्याला आज सगळे क्लीन वॉटर ॲक्ट म्हणतात. निक्सनने खर्चाचं कारण देऊन त्यावर नकाराधिकार वापरला. संसदेने तो सिनेटमध्ये ५२ विरुद्ध १२ आणि प्रतिनिधिगृहात २४७ विरुद्ध २३ असा उडवून लावला. १९८५ पर्यंत नद्यांमध्ये प्रदूषक सोडणं पूर्ण बंद करायचं, असं ध्येय त्या कायद्यात चक्क लिहून ठेवलं आहे. (आपल्या प्रोजेक्ट मॅनेजरांनी दिलेल्या तारखा याच्यापुढे वास्तववादी वाटतात.)

या कायद्याचा मुख्य मुद्दा असा: पाइपातून नदीत काहीही सोडायचं असेल तर परवाना हवा. परवान्यात मर्यादा लिहिलेल्या. उदाहरणार्थ शहराच्या सांडपाण्यासाठी बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू, महिन्याच्या सरासरीने लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत. आठवड्याची सरासरी ४५ च्या आत. पीएच ६ ते ९. आता प्रश्न आला की हे पाळलं जातंय की नाही ते बघणार कोण? देशभरात हजारो पाइप. प्रत्येकाशेजारी इन्स्पेक्टर उभा करणं शक्य नाही.

उत्तर काढलं ते मला अजूनही थोडं विचित्र वाटतं आणि थोडं ग्रेटसुद्धा. ज्याचा पाइप त्यानेच मोजायचं. त्यानेच नमुना घ्यायचा, त्यानेच प्रयोगशाळेत द्यायचा, त्यानेच फॉर्म भरायचा आणि सरकारला पाठवायचा. हाच तो डिस्चार्ज मॉनिटरिंग रिपोर्ट, आमच्या भाषेत डीएमआर. ईपीएचा फॉर्म नंबर ३३२०-१. प्रत्येक घटकासाठी दोन ओळी: वर तुम्ही मोजलेला आकडा, खाली परवान्याची मर्यादा. उजवीकडे एक छोटा रकाना - महिन्यात किती वेळा मर्यादा ओलांडली. आणि तळाशी सही. सहीच्या वर मजकूर असा की ही माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे आणि खोटी दिली तर दंड आणि कैद होऊ शकते हे मला ठाऊक आहे. ती सही कुठल्याही क्लार्कची चालत नाही. कंपनीचा जबाबदार अधिकारी, गावाचा मेयर किंवा त्यांनी लेखी नेमलेला माणूसच लागतो.

आपल्या इन्कम टॅक्स रिटर्नसारखं वाटलं ना? मलाही वाटलं. पण एक मोठा फरक आहे. तुमचं रिटर्न शेजारच्याला वाचता येत नाही. डीएमआर कुणालाही वाचता येतो. नदीत काय सोडलं हा आकडा धंद्याचं गुपित मानता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलंय. शिवाय कायद्याच्या ५०५ व्या कलमाने सामान्य नागरिकाला थेट कोर्टात जायची मुभा दिली. आठवला का तो १८९९ चा खबऱ्या? फक्त आता त्याला नदीकाठी लपून बसायची गरज नव्हती. सरकारी ऑफिसात जायचं, फाइल मागायची, दोन ओळींची तुलना करायची. गुन्हेगाराने स्वतःच्या हाताने लिहिलेला, स्वतःच सही केलेला कबुलीजबाब!

हे वकिलांच्या लक्षात यायला काही वर्षं लागली, पण ऐंशीच्या दशकात अशा दाव्यांची रांगच लागली. त्यातला एक फार प्रसिद्ध आहे. व्हर्जिनियात पेगन नावाच्या नदीकाठी स्मिथफील्ड गावात डुकराच्या मांसाचा मोठा कारखाना, ग्वाल्टनी. १९८१ ते ८४ मधल्या त्यांच्याच डीएमआरमध्ये मर्यादा ओलांडल्याच्या नोंदी होत्या. चेसापीक बे फाउंडेशनने दावा ठोकला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये कोर्टाने म्हटलं की पूर्णपणे जुन्या, थांबलेल्या उल्लंघनासाठी नागरिकाला दावा करता येणार नाही, ते चालू असायला हवं. संस्थांना हा धक्का होता. त्याच वर्षी दुसऱ्या एका दाव्यात मात्र बाजी उलटी पडली. कॅलिफोर्नियातली युनियन ऑइल कंपनी म्हणाली, आमच्या रिपोर्टातले काही जास्तीचे आकडे नमुना घेण्यातल्या चुकीमुळे आलेत, ते धरू नका. अपील कोर्ट म्हणालं, छे! तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच सही केली, आता मागे फिरता येणार नाही. या निकालाने डीएमआरच्या आकड्याला जे वजन आलं ते पुढे टिकलं. साउथ कॅरोलायनातल्या लेडलॉ कंपनीविरुद्धचा खटला २००० साली सुप्रीम कोर्टात गाजला. तिने पाऱ्याची मर्यादा १९८७ ते १९९५ मध्ये ४८९ वेळा ओलांडल्याचं खालच्या कोर्टाने नोंदवलं होतं.

पण एखाद्याला खोटंच लिहायचं असेल तर? पेगन नदीकाठचीच गोष्ट. १९९७ मध्ये स्मिथफील्ड कंपनीला १ कोटी २६ लाख डॉलरचा दंड झाला, क्लीन वॉटर ॲक्टखाली तोवरचा सगळ्यात मोठा. त्यात मर्यादा ओलांडणं होतंच, शिवाय खोटे रिपोर्ट आणि नष्ट केलेल्या नोंदीही होत्या.

आता कागदांचं काय व्हायचं ते बघा, कारण इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. ईपीएकडे सत्तरच्या दशकापासून पीसीएस नावाची एक मेनफ्रेम सिस्टिम होती. त्यात परवान्यांच्या मर्यादा भरलेल्या असायच्या. त्या सिस्टिममधून रिकामे फॉर्म छापून कारखान्यांना पोस्टाने जायचे. कारखान्यात कोणीतरी पेनाने नाहीतर टाइपरायटरवर आकडे भरायचं. परत पोस्ट. आणि मग राज्याच्या ऑफिसात कोणीतरी बसून तेच आकडे पुन्हा त्याच मेनफ्रेममध्ये टाइप करायचं! कॉम्प्युटरमधून निघालेला कागद शेकडो मैल फिरून त्याच कॉम्प्युटरमध्ये माणसाच्या बोटांवाटे परत. आणि एवढं टाइप करायला माणसं कुठून आणणार? त्यामुळे केंद्राने सक्ती केली ती मुख्यतः मोठ्या प्लांट्सची माहिती भरायची, असे देशात साडेसहा-सात हजार. लहान परवानेधारक याच्या कित्येक पट, त्यांचे रिपोर्ट यायचे आणि बऱ्याच राज्यांत नुसते कपाटात जायचे.

कपाटात काय काय पडून असतं याची कथा केंटकीतली आहे. २०१० मध्ये ॲपलाचियन व्हॉइसेस आणि आणखी काही संस्थांची माणसं राज्याच्या खात्यात जाऊन कोळसा खाणींचे डीएमआर चाळायला बसली. बघतात तर आयसीजी आणि फ्रेजर क्रीक या दोन कंपन्यांच्या काही रिपोर्टांत एका तिमाहीचे आकडे पुढच्या तिमाहीत जसेच्या तसे. फक्त तारीख बदललेली. खाणीतून झिरपणारं पाणी, मध्ये पाऊस, मध्ये कोरडे दिवस, आणि आकडा दशांशापर्यंत तोच? कॉलेजात प्रॅक्टिकलचं जर्नल कॉपी करताना आम्हीसुद्धा शेवटचा अंक बदलायचो हो! संस्थांनी २० हजारांहून जास्त उल्लंघनांचा आरोप करून दाव्याची नोटीस दिली. २०१४ मध्ये त्याच संस्थांनी फ्रेजर क्रीकवर पुन्हा आकडे चिकटवल्याचा आरोप केला, तेव्हाही संख्या हजारोंत होती.

मला यात सगळ्यात जास्त काय बोचलं माहितीये? ही चोरी हुशारीची नव्हतीच. दोन रांगा शेजारी ठेवल्या असत्या तर कुणालाही दिसली असती. एका ओळीची क्वेरी. पण कागद कागदाशी बोलत नाही. सरकारकडे सगळे पुरावे आलेले होते, रीतसर, सहीनिशी, आणि वाचणारं कोणी नव्हतं. साधारण तेव्हाच, सप्टेंबर २००९ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सच्या चार्ल्स डुहिगने राज्याराज्यांतून नोंदी गोळा करून लिहिलं की २००४ पासून पाण्याच्या कायद्याचं ५ लाखांहून जास्त वेळा उल्लंघन झालंय आणि त्यातल्या ३ टक्क्यांहूनही कमी वेळा दंड वगैरे झालाय. एका वर्तमानपत्राला स्वतःचा डेटाबेस बनवावा लागला!

मग तुम्ही म्हणाल, एक वेब फॉर्म टाकायला एवढा वेळ का? नव्वदच्या दशकात इंटरनेट होतं की. मलाही वाटायचं की सरकारी आळस. पण खरी अडचण होती सही. तो कागद कोर्टात उभा राहायचा तो तळाच्या सहीमुळे. वेबसाइटवर कोणीतरी 'सबमिट' दाबलं, उद्या साहेब म्हणाले, "मी नव्हतोच, माझा पासवर्ड सेक्रेटरीला माहीत होता", मग? युनियन ऑइलचा तो सगळा निकाल हवेत. त्यामुळे ऑक्टोबर २००५ मध्ये ईपीएने आधी वेगळा नियम काढला - इलेक्ट्रॉनिक रिपोर्ट कोर्टात टिकायला काय काय लागेल याचा. त्याला क्रोमर म्हणतात. सही करणाऱ्याची ओळख पटवा. सही नेमक्या कोणत्या मजकुरावर केली त्याची न बदलणारी प्रत ठेवा, आणि ती त्याला परत बघता आली पाहिजे. पासवर्डशिवाय आणखी काहीतरी विचारा. बऱ्याच ठिकाणी हे 'आणखी काहीतरी' म्हणजे गुप्त प्रश्न: वीस प्रश्नांतून पाच निवडायचे, आणि सही करताना त्यातला एक अचानक समोर येणार. आणि सगळ्यात भारी म्हणजे, कागद बंद करण्यासाठी सुरुवातीला एक करारपत्र कागदावर, शाईने सही करून, पोस्टाने पाठवायचं! आमच्या टीममध्ये यावर भरपूर जोक झालेत. पण आता मला तो जोक वाटत नाही. त्या एका शाईच्या सहीवर पुढच्या सगळ्या क्लिक उभ्या असतात.

बाकीचं सॉफ्टवेअर मग येत गेलं. पीसीएसच्या जागी २००६ पासून आयसीआयएस नावाची नवी केंद्रीय सिस्टिम येऊ लागली. टेक्सासच्या पुढाकाराने काही राज्यं आणि ईपीए यांनी मिळून नेटडीएमआर बनवलं, ते २००९ मध्ये सुरू झालं. काही राज्यांनी स्वतःच्या साइट केल्या आणि तिथून एक्सएमएल फाइली केंद्राकडे पाठवायला सुरुवात केली. (आमचं दुकान याच प्रकारातलं.) शेवटी २२ ऑक्टोबर २०१५ ला सक्तीचा नियम छापून आला आणि २१ डिसेंबर २०१६ पासून डीएमआर कागदावर नाही, इलेक्ट्रॉनिकच, असं ठरलं. बाकी प्रकारच्या रिपोर्टांसाठी २०२० ची मुदत होती, ती २०२० मध्ये २०२५ वर ढकलली गेली. डेडलाइनचं नशीब सगळीकडे सारखंच.

या नियमातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कायमस्वरूपी सवलत. ती कुणाला? आमिश, मेनोनाइट, हटराइट अशा धार्मिक समाजांना, जे आधुनिक यंत्रं वापरायचं नाकारतात. त्यांनी कागदावर लिहून पाठवलं तरी चालतं. बाकी ज्यांच्याकडे इंटरनेट नाही वगैरे त्यांची सवलत तात्पुरती.

आणि फायदा झाला का? झाला. २००२ पासून ईपीएची एको नावाची सार्वजनिक साइट आहे, तिथे कुठल्याही प्लांटचा गेल्या तीन वर्षांचा तिमाहीवार हिशेब घरबसल्या दिसतो. आधी तिथे लहान प्लांट्सच्या नावापुढे बरंच काही रिकामं असायचं, आता आकडे दिसतात. केंटकीच्या कपाटासाठी जे लोकांना खुर्ची टाकून बसून करावं लागलं ते आता कॉलेजची पोरं प्रोजेक्ट म्हणून करू शकतात. पण बाटलीचं काय? वेस्ट व्हर्जिनियात एका प्रयोगशाळेच्या माणसाने २०१४ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. कोळसा खाणींच्या नमुन्यांत तो आणि इतर स्वच्छ पाणी मिसळायचे, किंवा जिथलं पाणी हमखास पास होतं तिथलंच भरून आणायचे. अशा जागांना त्यांनी लाडाचं नावही ठेवलं होतं, 'हनी होल'. मधाचं भोक! अशी बाटली एकदा प्रयोगशाळेत आली की पुढचं सगळं खरंच असतं. आकडा खरा, सही खरी, एक्सएमएल शुद्ध.

(आपल्याकडची व्यवस्था बघितली तेव्हा फरक लक्षात आला. महाराष्ट्राचं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चं, म्हणजे ईपीएच्या बरोबरीचं. आपल्या १९७४ च्या कायद्याच्या २१ व्या कलमात पुरावा म्हणजे अधिकाऱ्याने नोटीस देऊन घेतलेला, दोन भाग करून सील केलेला नमुना. तिकडे मालकाचा कागद, इकडे सरकारची बाटली. आणि २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने १७ प्रकारच्या जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना थेट पाइपावर मीटर बसवून आकडे ऑनलाइन पाठवायला सांगितलं. म्हणजे आपण मधला फॉर्म गाळून एकदम सेन्सरवर उडी मारली. टेक्निकली भारी आहे, पण मला सारखं वाटतं की सेन्सरला सही करता येत नाही. असो, तो वेगळा लेख.)

तर आता परत त्या रात्रीच्या कॉलवर.

डीएमआरच्या रकान्यात आकडा नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा नसतो. तिथे एक कोड टाकायचा - आकडा का नाही याचा. 'बी' म्हणजे मोजलं, पण यंत्राला दिसण्याइतकं नव्हतं. 'सी' म्हणजे काही सोडलंच नाही. शून्य, बी, सी आणि रिकामं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मी मोजलं आणि काही नव्हतं. सी म्हणजे मोजायला पाणीच नव्हतं. रिकामं म्हणजे मी काही सांगितलंच नाही. आणि केंद्राच्या सिस्टिममध्ये ठरलेल्या तारखेनंतर तीस दिवसांत अपेक्षित ओळ आली नाही की आपोआप उल्लंघन लागतं. कुणी माणूस बघत नाही. ते तसंच राहिलं की 'गंभीर' होतं. हे काही आमच्याच बाबतीत नव्हतं. २०१८ मध्ये देशातल्या परवानेधारकांपैकी २०.३ टक्के 'गंभीर'मध्ये होते, त्यातला बराच मोठा हिस्सा नदीत काही जास्त सोडल्याचा नव्हता, रिपोर्ट न पोचल्याचा होता. त्यातला काही भाग खरंच न पाठवणाऱ्यांचा, काही भाग मधल्या पाइपलाइनमध्ये हरवलेल्यांचा. ईपीएने हे प्रमाण निम्म्यावर आणायची मोहीमच काढली.

आमच्या पाइपलाइनमध्ये एक छोटं फंक्शन होतं. एक्सएमएल बनवताना ज्या ओळीत सगळे आकडे रिकामे असतील ती ओळ गाळायची. फाइल लहान, प्रोसेसिंग जलद. कोड रिव्ह्यूमध्ये सिनियरने 'छान' लिहिलं होतं. त्यात कोडचा रकाना तपासायचा राहिला. म्हणजे ज्यांनी प्रदूषण केलं त्यांचे आकडे व्यवस्थित पोचत होते, आणि ज्यांनी काहीच सोडलं नाही त्यांच्या ओळी मी गाळत होतो. हो, मी. कमिटवर नाव माझं होतं. नोकरीतलं माझं तिसरं वर्ष.

त्या रात्री अडीचला फिक्स गेला. एकच कंडिशन. जुने महिने पुन्हा पाठवायला पुढचा आठवडा लागला, कारण तशी तळी असलेली गावं आणखी निघाली. एकोवरचा डेटा आठवड्याला ताजा होतो, त्यामुळे शेरे हळूहळू गेले. साप्ताहिकाने दुरुस्ती छापली की नाही मला माहीत नाही. क्लायंटला पाठवलेल्या रिपोर्टात मॅनेजरने 'मॅपिंगमधील त्रुटी' असं लिहिलं आणि मला म्हणाला, "नाव नको टाकायला, टीमचं असतं हे." मी मान डोलावली. तिकडे त्या माणसाच्या नावासकट बातमी छापली गेली होती.

कॉलवर तो एकदाही चिडला नाही, हे जास्त लागलं. फक्त शेवटी म्हणाला की कागद होता तेव्हा मी फॉर्मवर आडवं, मोठ्या अक्षरांत लिहायचो 'नो डिस्चार्ज', आणि खाली सही. तिकडच्या बाईंना कळायचं. दोन दिवसांनी क्लायंटच्या मॅडमनी एक स्कॅन फॉरवर्ड केला. त्याने कपाटातून काढून पाठवलेला, १९९६ चा फॉर्म. सगळ्या रकान्यांवरून तिरकी रेघ, त्यावर निळ्या पेनाने ते दोन शब्द, आणि तळाशी सही, पेन जरा जास्तच दाबून केलेली.

तो स्कॅन आमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आहे अजून. टेस्ट केसेसमध्ये एक नवी केस घातली आहे, प्रत्येक रिलीजला चालते: सगळे आकडे रिकामे, कोड 'सी', ओळ पोचलीच पाहिजे. तिला मी त्या गावाचं नाव दिलंय. टीममध्ये नवीन आलेली मुलं विचारतात हे कसलं नाव, मग मी त्यांना तो स्कॅन उघडून दाखवतो.